बाळाच्या डोळ्यातलं काजळ, घरातल्या तीन डब्या आणि रक्तातलं शिसं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुम्ही अमेरिकेत, मुलगी ११ महिन्यांची, सासूबाई दोन महिन्यांपूर्वी आल्या आणि तेव्हापासून रोज आंघोळ झाली की बाळाच्या डोळ्यात काजळ घालतात. परवा रूटीन चेकअपला बोटाला टोचून शिशाची टेस्ट केली, ती ६ आली, डॉक्टरांनी विचारलं बाहेरून आणलेलं काजळ, सुरमा असं काही वापरता का आणि तुमच्या पोटात गोळा आला. घरात तीन वस्तू आहेत, सासूबाईंनी गावी धरलेलं काजळ, शेजारणीने उमराहहून आणून दिलेला सुरमा, आणि तुमची स्वतःची भारतातून आणलेली काजळाची पेन्सिल. तुम्ही विचारताय यातलं सेफ कुठलं, आणि "आम्ही सगळे काजळ घालूनच मोठे झालो" म्हणणाऱ्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं कसं.

आधी माझं सांगते म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. इथल्या एका काउंटीच्या आरोग्य खात्यात मी गेली बरीच वर्षं लेड इन्व्हेस्टिगेटर आहे, म्हणजे एखाद्या मुलाच्या रक्तात शिसं जास्त आलं की त्या घरी जाऊन ते आलं कुठून हे शोधायचं. हातात एक एक्सआरएफ नावाचं मशीन असतं, दिसायला ड्रिलसारखं, भिंतीला खिडकीला डबीला टेकवलं की आत काय काय धातू आहेत ते सांगतं. त्यामुळे औषधोपचाराचं शेवटचं बोलणं तुमच्या डॉक्टरांचं, पण डब्यांबद्दल मी बोलू शकते.

सगळ्यात आधी एक काम करा, उत्तर पूर्ण वाचायच्या आधी. तिन्ही वस्तू बाळाच्या आणि सगळ्यांच्याच वापरातून आजच काढा, पण कचऱ्यात टाकू नका. प्रत्येक डबी वेगळ्या झिपलॉकमध्ये, सुरम्याची सळई असेल तर तीही, खोका असेल तर खोकाही, आणि वर लिहून ठेवा कुठून आली, कधीपासून वापरात होती. घाबरलेले आईबाप हमखास डबी फेकून देतात आणि मग मी घरी पोचते तेव्हा तपासायला काहीच उरलेलं नसतं, महिनोन्महिने अंदाज करत बसायचं.

आता मुद्दा. "काजळ चांगलं की वाईट" असं विचारलं तर मला उत्तर देता येत नाही कारण काजळ हे एका वस्तूचं नाव नाहीये. काजळ, सुरमा, कोहल, नायजेरियातला तिरो, ही नावं आहेत डोळ्यात घालायच्या काळ्या गोष्टीची, आत काय आहे ते नावावरून कळत नाही. दिव्याची काजळी असू शकते, म्हणजे निव्वळ कार्बन. काळं आयर्न ऑक्साइड असू शकतं, मोठ्या कंपन्यांच्या आयलायनरमध्ये असतं तसं, त्याला इथे परवानगी आहे. आणि गॅलेना नावाच्या दगडाची पूड असू शकते, गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, ज्यात वजनाच्या जवळजवळ ८७ टक्के शिसं असतं. तिन्ही काळे. बोटावर घेऊन तुम्हाला काय मलाही फरक सांगता येणार नाही.

सुरम्याचा घोळ इथेच आहे. जुन्या समजुतीप्रमाणे सुरमा म्हणजे अँटिमनी या वेगळ्याच धातूचा दगड, अरबीत त्याला इस्मद म्हणतात आणि धार्मिक महत्त्व त्यालाच आहे. पण गॅलेनाही तसाच राखाडी-काळा, चमकणारा, आणि बाजारात इस्मद म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी डब्यांत तपासणीत गॅलेनाच निघालेला आहे. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं हो, तो काही फसवायला बसलेला नसतो. डबीवर "नॅचरल" लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नाही, दगड निसर्गातलाच.

म्हणून तुमच्या तीन वस्तूंपैकी माझा पहिला संशय सुरम्यावर. आकडे ऐका म्हणजे का ते कळेल. २०११ मध्ये बॉस्टनमध्ये ६ महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात शिसं १३ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर आलं होतं, घरचे तिरो घालत होते, त्या पुडीत ८२.६ टक्के शिसं निघालं. २०१३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला अफगाणिस्तानातून आलेल्या कुटुंबाकडच्या काजळात ५४ टक्के. इथल्या एफडीएची, म्हणजे अन्न-औषध खात्याची, कॉस्मेटिक्ससाठीची शिफारस आहे जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. ५० टक्के म्हणजे ५ लाख पीपीएम. अशा डबीला थोडी भेसळ म्हणता येत नाही, डबीतला मालच शिसं आहे.

तुम्ही लिहिलंय की सुरमा "कधीतरीच, दोन-तीनदा" घातला. इथे एक छोटा हिशेब करू. समजा निम्मं शिसं असलेली पूड आहे आणि त्यातली फक्त १ मिलिग्रॅम बाळाच्या पोटात गेली, १ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे पंधरा-एक बारीक दाणे. त्यात ५०० मायक्रोग्रॅम शिसं झालं. लहान मुलांच्या खाण्यातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं जाऊ नये असा एफडीएचा संदर्भ आकडा आहे. म्हणजे एका दिवसात दोनशेपटीहून जास्त. त्यामुळे "कधीतरीच" या शब्दाने मला तरी धीर येत नाही.

डोळ्यातून पोटात जातं कसं, हे बरेच जण विचारतात. कातडीतून फारसं शिरत नाही हे खरं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, रडलं की नाक गळतं ते त्यामुळेच, आणि नाकातलं घशात. आणि त्याहून मोठा रस्ता म्हणजे हात. बाळ डोळे चोळतं, तोच हात तोंडात, तीच बोटं खेळण्याला, खेळणं तोंडात. पोटातल्या आम्लात लेड सल्फाइड काही प्रमाणात विरघळतं. मोठी माणसं गिळलेल्या शिशातला थोडाच भाग शोषतात पण लहान मुलं ४०-५० टक्क्यांपर्यंत शोषतात, आणि शरीरात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आईंचं "आम्ही नाही का मोठे झालो" याला एक उत्तर हेही आहे की तेव्हा कुणी रक्त तपासलंच नव्हतं. शिशाने मूल आजारी दिसत नाही. खेळतं, हसतं, जेवतं. नुकसान होतं ते हळूहळू, शिकण्यात, लक्ष लागण्यात, आणि ते कशामुळे झालं हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आता सासूबाईंच्या काजळाकडे. एरंडेलाच्या नाहीतर तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन धरायचं, काजळी खरवडून तुपात खलायची, माझ्या आजीनेही केलंय. तत्त्वतः यात शिसं यायचं कारण नाही. पण प्रत्यक्षात मी तीन गोष्टी विचारते. भांडं तांब्याचं होतं की पितळेचं, कारण पितळेत शिसं मिसळलेलं असणं अगदी कॉमन आहे आणि जुन्या भांड्यांना डाग दिलेले असतात. साठवलं कशात, कारण आधी सुरमा असलेल्या जुन्या डबीत नवं काजळ भरलं की झालंच. आणि आत आणखी काही घातलं का, कुणी कुणी "थंडावा यावा" म्हणून बाजारातली अंजनाची पूड थोडी मिसळतात आणि ते सांगायचं राहून जातं. कापूर घातला असेल तर तो वेगळाच प्रश्न, कापूर लहान बाळाच्या पोटात गेला तर फिट्स येऊ शकतात, त्यात शिशाचा काही संबंध नाही. आणि शिसं नाही असं सिद्ध झालं तरी न धुतलेल्या बोटाने बाळाच्या डोळ्यात काही घालूच नये, इन्फेक्शन होतं. काजळाने डोळे मोठेही होत नाहीत.

तुमची काजळ पेन्सिल. मोठ्या कंपनीची, सीलबंद, घटकांची यादी असलेली असेल तर माझा संशय सगळ्यात कमी तिच्यावर. भारतातही कॉस्मेटिकमध्ये रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे, आणि अशा पेन्सिलींवर "काजळ" किंवा "कोहल" हे बऱ्याचदा नुसतं शेडचं नाव असतं. पण बिननावाची, यात्रेतून नाहीतर फुटपाथवरून घेतलेली असेल तर तीही झिपलॉकमध्ये. इथल्या देशी दुकानात मिळते म्हणजे कायदेशीर असं समजू नका. कोहलला अमेरिकेत कॉस्मेटिक रंग म्हणून परवानगीच नाही, एफडीए अशा मालाला बंदरावर अडवू शकते, पण सूटकेसमधून आलेली डबी कोण बघतंय.

घरी किट आणून तपासू का असंही तुम्ही विचारलंय. नका. ती किट रंगासाठी, भिंतीसाठी बनवलेली असतात. त्यातल्या एका प्रकारात शिसं असेल तर डाग काळा होतो आणि तो काळा रंग म्हणजे तिथे तयार झालेलं लेड सल्फाइड. आता जी वस्तू मुळातच काळं लेड सल्फाइड आहे तिच्यावर ते काय दाखवणार! दुसऱ्या प्रकारात गुलाबी-लाल रंग यायला हवा, पण एकतर किटच्या द्रावात लेड सल्फाइड सहज विरघळत नाही आणि वर काळ्या पुडीत गुलाबी दिसणार कसा. त्यापेक्षा तुमच्या काउंटीच्या किंवा राज्याच्या आरोग्य खात्याला फोन करून "चाइल्डहुड लेड प्रोग्राम" मागा आणि डब्या तपासून देता का विचारा. कुठे फुकट करतात, कुठे फक्त मुलाचा आकडा ठरावीक पातळीच्या वर असेल तरच, हे राज्याराज्यावर आहे. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू असतो, तिथेही विचारता येतं.

आता त्या ६ बद्दल. हा आकडा मायक्रोग्रॅम पर डेसिलिटरमध्ये असतो. सीडीसीने, म्हणजे इथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये संदर्भ आकडा ५ वरून ३.५ केला. ही काही "इथपर्यंत सेफ" अशी रेघ नाही हं, तेवढं किंवा त्याहून जास्त शिसं इथल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांतल्या सगळ्यात वरच्या अडीच टक्क्यांत असतं म्हणून तिथे लक्ष घालायचं, इतकाच अर्थ. सेफ अशी पातळी माहीतच नाही. दुसऱ्या बाजूने, ६ ला कुणी औषध देत नाही. शिसं बाहेर काढायची औषधं साधारण ४५ आणि त्याच्या वर विचारात घेतात. ६ ला उपाय एकच, येणं बंद करणं. नवीन येणं थांबलं की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडात गेलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, म्हणून आकडा पुढे हळू उतरतो, तेव्हा निराश होऊ नका.

पण ६ खरा आहे का हे आधी बघायला हवं. बोटाला टोचून घेतलेली टेस्ट चुकून जास्त येऊ शकते कारण बोटाच्या कातडीवर शिसं असेल तर ते रक्ताच्या थेंबात मिसळतं. तुमची मुलगी आंघोळीनंतर काजळ घालून, डोळे चोळून, क्लिनिकला गेली असेल तर बोटावर ते असणारच. म्हणून शिरेतून रक्त घेऊन टेस्ट करायची. ३.५ ते ९ च्या मध्ये ती ३ महिन्यांच्या आत करा असं सीडीसी सांगते, पण घरात सुरमा असताना मी तरी इतकी थांबले नसते, डॉक्टरांना सांगून याच आठवड्यात करून घ्या. आणि ती समजा कमी आली तर लगेच सुटलो म्हणू नका. बोटावरच्या शिशामुळे आधीची जास्त आली असेल तर ते शिसं बोटावर आलं कुठून?

उलटंही खरं आहे. रक्तातला आकडा लहान म्हणून डबी निर्दोष असं होत नाही. बॉस्टनच्या त्या पुडीत ८२ टक्क्यांहून जास्त शिसं होतं आणि बाळाचा आकडा १३ होता. किती पोटात जातं, किती दिवस, बाळाला लोह किती, यावर सगळं अवलंबून.

आणि एक, सगळं खापर काजळावर फोडून मोकळे होऊ नका. तुमची बिल्डिंग १९६० च्या आसपासची आहे म्हणालात. १९७८ च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, भाडेकराराच्या वेळी घरमालकाने तशी माहिती आणि एक पत्रक देणं कायद्याने बंधनकारक आहे, ते कागद काढून बघा. ११ महिन्यांचं बाळ खिडकीला धरून उभं राहतं आणि खिडकीची चौकट चाटतं, मी हे शेकडो वेळा बघितलंय. देवघरातला शेंदूर बघा, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. सुटी आणलेली हळद बघा, पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. गुटी, भस्म असलेलं काही देता का ते डॉक्टरांपासून लपवू नका, कुणी रागावत नाही, रागावलं तर डॉक्टर बदला. (मुलाच्या वहीवरची शिसपेन्सिल मात्र सोडा, तिच्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं, नावाने उगाच बदनाम.)

उलटा प्रकारही घडतो. एका घरी मला सगळ्यांनी खिडक्याच दाखवल्या, जुनं घर, रंग उडालेला, मशीनने सांगितलं खिडक्यांत शिसं नाही. दोन तास गेले. निघताना बाळाच्या उशीवर काळा डाग दिसला, सहज मशीन टेकवलं आणि आकडा बघून मीच परत टेकवलं. मग आजीच्या पर्समधून सुरमादाणी निघाली. कुणी लपवली नव्हती, "ते औषध आहे, मेकअप नाही" म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी विचारताना "मेकअप वापरता का" असंच विचारलं होतं. तेव्हापासून मी प्रश्नच बदलला, "बाळाच्या अंगाला, डोळ्याला, कपाळाला काय काय लावता" असं विचारते.

म्हणून धुवायचं ते लक्षात ठेवा. उशीचे अभ्रे, दुपटी, मऊ खेळणी, बाळाचा चेहरा ओल्या कपड्याने आणि हात साबणाने, जेवायच्या आधी तर नक्कीच. हँड सॅनिटायझरने शिसं जात नाही, पाणी-साबणच लागतो. आणि ज्या पदराने आई बाळाचे डोळे पुसतात तो पदर. त्या स्वतः सुरमा लावत असतील तर त्यांचीही बोटं. खाण्यात लोह आणि कॅल्शियम व्यवस्थित हवं, डाळी, अंडं, नाचणीसत्त्व जे चालू असेल ते, आणि डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरात लोहाचा साठा किती ते) बघायला सांगा.

तुम्ही अंगावर पाजता आणि स्वतःही ती पेन्सिल लावता म्हणून दूध बंद करू का विचारलंत. आपल्या मनाने बंद करू नका. आईचं शिसं ४० च्या खाली असेल तर पाजत राहायला हरकत नाही असं सीडीसीचं म्हणणं आहे, आणि तुमचं तिथवर असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. पण तुम्हीही सुरमा लावला असेल तर तुमची टेस्ट एकदा करून घ्या, आणि पुढे दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर नक्कीच, कारण हाडात साठलेलं शिसं गरोदरपणात पुन्हा रक्तात येतं आणि वारेतून बाळाकडे जातं.

व्हॉट्सॲपवर कुणी तरी तुम्हाला पाठवेलच की इजिप्तच्या राण्या शिशाचं काजळ लावायच्या आणि ते डोळ्यांना चांगलं असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांचं तसं एक काम आलं होतं, अगदी कमी प्रमाणात त्या काळातल्या काही शिशाच्या क्षारांनी पेशींमधला बचावाचा रसायनमार्ग चालू होतो असं. प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं ते काम आहे, बोटं चोखणाऱ्या बाळावरचं नाही.

राहिल्या सासूबाई. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो आणि इथे माझंही दरवेळी जमतं असं नाही. "तुमच्यामुळे झालं" हे वाक्य घरात उच्चारलं गेलं की त्या काजळ लपून घालायला लागतात, हे मी पाहिलंय. त्यापेक्षा त्यांना डॉक्टरकडे बरोबर न्या, आणि डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा की डब्यांबद्दल आईंनाच विचारा, काजळ कसं धरलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. माहिती देणारी व्यक्ती म्हणून बसवलं की माणूस आरोपी होत नाही. बाळाला दृष्ट लागेल अशी काळजी असेल तर त्याची चेष्टा करू नका, मीठ-मोहरीने दृष्ट काढू द्या, बाळाला काही होत नाही, फक्त मिरच्या जाळू नका, अपार्टमेंटचा स्मोक अलार्म वाजतो आणि सगळी बिल्डिंग खाली येते. तीट लावायचीच असेल तर तळपायाला नको, या वयात पायाचा अंगठा तोंडात जातो. कानामागे एक ठिपका, इथल्या दुकानातल्या घटक लिहिलेल्या आयलायनरचा, आणि झोपायच्या आधी पुसून. हा माझा वैयक्तिक तडजोडीचा सल्ला आहे, डॉक्टर कदाचित तेही नको म्हणतील, मग त्यांचं ऐका.

शिरेतल्या रक्ताचा आकडा आला की कळवा, आणि तिन्ही डब्यांत काय निघालं तेही. सुरम्यात शिसं निघालं तर तो देणाऱ्या शेजारणीला जरूर सांगा, तिच्याकडेही तीच डबी असणार आणि तिची दोन मुलं लहान आहेत असं तुम्हीच लिहिलंय.